श्रद्धा, दावा आणि पुरावा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

श्रद्धा आणि पुरावा यांच्या नात्याविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. ज्यांना नेमकं उत्तर देता येईल असे प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : श्रद्धा ही मनाची गोष्ट आहे. तिच्याकडे पुरावा मागणं म्हणजे आईच्या मायेची पावती मागण्यासारखं नाही का?

एकाच श्रद्धाळू माणसाच्या तोंडी येणारी चार वाक्यं घ्या. ‘माझा देवावर भरवसा आहे.’ ‘प्रार्थनेनं आजार बरा होतो.’ ‘आमच्या ग्रंथातली अमुक घटना खरोखर घडली.’ ‘विश्वाच्या मुळाशी चैतन्य आहे.’ चारही श्रद्धेचीच वाक्यं आहेत, पण पुराव्याच्या दृष्टीनं त्यांची जात वेगळी आहे.

पहिलं वाक्य म्हणजे त्या माणसाची भूमिका. तिला खरं-खोटं हे माप लागत नाही. ती प्रामाणिक आहे का, एवढंच विचारता येतं. तुमचं म्हणणं या वाक्याला पूर्ण लागू आहे. दुसरं वाक्य जगात काय घडतं ते सांगतं, म्हणजे ते मोजता येतं. तिसरं इतिहासाचं आहे. तिथे हस्तलिखितं, शिलालेख, उत्खनन आणि समकालीन परक्या लोकांच्या नोंदी बोलतात. चौथ्याला प्रयोगशाळा अपुरी पडते, पण म्हणून ते चर्चेच्या बाहेर जात नाही. त्यात अंतर्विरोध आहे का, त्यानं काय उलगडतं, दुसऱ्या कुठल्या कल्पनेनं तेवढंच उलगडतं का, हे विचारता येतं. भारतीय दर्शनांनी शतकानुशतकं हेच केलं.

म्हणून वादाला बसण्याआधी वाक्य कागदावर लिहून घ्यावं आणि खाली एकच प्रश्न लिहावा : हे खोटं असतं तर जगात कोणती गोष्ट वेगळी दिसली असती? उत्तर सापडलं की तो दावा झाला आणि दाव्याला पुरावा मागणं रास्त आहे. उत्तर सापडलंच नाही, तर त्या वाक्याच्या बाजूनं पुरावे देण्याचाही खटाटोप करू नये.

घोळ होतो तो वाक्य मध्येच बदलल्यामुळे. लोकांना पटवताना दुसरं वाक्य बोलायचं आणि तपासणीची वेळ आली की ‘ही तर माझी वैयक्तिक श्रद्धा’ म्हणून पहिल्याच्या आड जायचं, हे आम्हांला अप्रामाणिक वाटतं. उलट बाजूनंही तेच होतं. दुसरं वाक्य खोडून काढलं म्हणजे पहिलं बोलणारा मूर्ख ठरला, असं मानणारे टीकाकारही कमी नाहीत.

असा बदल इतिहासात उघड्यावर घडलेला दिसतो. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा दिवस निश्चित केला होता : २२ ऑक्टोबर १८४४. तो दिवस आला आणि गेला. अनेकांनी ती शिकवण सोडली. काहींनी मात्र अर्थ बदलला : घटना त्याच दिवशी घडली, पण पृथ्वीवर नव्हे, स्वर्गात. पुढे १८६३ साली संघटित झालेला सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथ याच धारेतून आला. पहिलं भाकीत तपासता येत होतं आणि ते चुकलं. दुसरं तपासताच येत नाही. ते मानण्याचा हक्क कुणालाही आहे. फक्त ‘तारीख खरी ठरली’ असा पुरावा म्हणून ते वापरता येत नाही.

प्रश्न : प्रार्थनेचा रुग्णांवर परिणाम होतो हे वैद्यकीय प्रयोगांत सिद्ध झालंय असं वाचलं. काही जण म्हणतात, उलट सिद्ध झालंय. खरं काय?

दोन्ही बाजूंचे लोक वेगवेगळे प्रयोग दाखवतात, म्हणून ते नीट पाहायला हवेत.

१९८८ साली रँडॉल्फ बर्ड यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका रुग्णालयाच्या हृदयविकार अतिदक्षता विभागातले ३९३ रुग्ण त्यात होते. त्यांतल्या १९२ जणांसाठी रुग्णालयाबाहेरच्या ख्रिस्ती भाविकांनी प्रार्थना केली, २०१ जणांसाठी केली नाही. कोण कुठल्या गटात हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. पुढे उद्भवू शकणाऱ्या २६ अडचणींची यादी तपासली, तेव्हा सहा बाबतींत प्रार्थनेचा गट सरस ठरला. ‘सिद्ध झालं’ म्हणणारे याकडे बोट दाखवतात.

आता हिशेब पाहा. संख्याशास्त्रात ‘पाच टक्के’ ही नेहमीची मर्यादा धरली, तर काहीही परिणाम नसताना एका चाचणीत फसवा फरक दिसण्याची शक्यता शंभरांत पाच. परस्परांशी संबंध नसलेल्या २६ चाचण्या घेतल्या, तर त्यांतल्या निदान एकीत तरी असा फरक दिसण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के होते. सहा हा आकडा याहून मोठा वाटतो, पण इथल्या चाचण्या एकमेकींपासून सुट्या नव्हत्या. ज्याचं हृदय कमजोर पडतं त्यालाच लघवी वाढवणारं औषध लागतं. ज्याला न्यूमोनिया होतो त्यालाच प्रतिजैविक लागतं आणि श्वासनळीत नळी घालावी लागते. एक अडचण टळली की यादीतल्या दोन-तीन आपोआप टळतात. शिवाय मृत्यूंच्या प्रमाणात आणि रुग्णालयातल्या मुक्कामात दोन्ही गटांत फरक नव्हता.

हे दोष टाळून केलेला मोठा प्रयोग हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतली सहा रुग्णालयं, हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले १,८०२ रुग्ण, तीन गट. पहिल्या दोन गटांना सांगितलं होतं की, तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. प्रत्यक्षात पहिल्यातल्या ६०४ जणांसाठी झाली, दुसऱ्यातल्या ५९७ जणांसाठी झाली नाही. तिसऱ्या गटातल्या ६०१ जणांना ‘प्रार्थना नक्की होणार’ असं सांगितलं आणि ती झालीही. प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिलं होतं. प्रार्थना शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री सुरू होऊन १४ दिवस चालली. मोजायचं काय हे आधीच ठरलं होतं : ३० दिवसांत एखादी गुंतागुंत झाली का? पहिल्या गटात ती ५२ टक्के रुग्णांना झाली, दुसऱ्यात ५१ टक्के, तिसऱ्यात ५९ टक्के.

यातून निघतं ते एवढंच : परक्यांनी, ठरावीक पद्धतीनं, दुरून केलेल्या जादा प्रार्थनेमुळे शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी झालेली दिसली नाही. ‘जादा’ हा शब्द सोडू नका. घरच्यांनी केलेली प्रार्थना तिन्ही गटांत चालू असणारच. ती थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. तिसऱ्या गटाच्या ५९ टक्क्यांवरून प्रार्थना घातक आहे असं म्हणणंही घाईचं. ‘माझी प्रकृती इतकी वाईट आहे का’ या धास्तीचा तो परिणाम असू शकतो, निव्वळ योगायोगही असू शकतो. स्वतः प्रार्थना करणाऱ्याला मिळणारा धीर या प्रयोगाचा विषयच नव्हता.

देव म्हणजे औषधाची गोळी नव्हे, तो प्रयोगाला बांधील नाही, असा आक्षेप अनेक धर्मचिंतक घेतात. आम्हांला तो विचारपूर्वक घेतलेला आक्षेप वाटतो. पण तो मान्य केला तर दोन्हीकडे लागू होतो. मग १९८८च्या अभ्यासाचा दाखलाही देता येत नाही.

प्रश्न : माझ्या नात्यातल्या एका बाईंचा कर्करोग, डॉक्टरांनी आशा सोडल्यावर, उपासनेनं बरा झाला. कागदपत्रं आहेत. हा पुरावा का नाही?

त्या बऱ्या झाल्या याचा आनंद आणि कृतज्ञता पुराव्यावर अवलंबून नाही. तुम्ही कागदांचा उल्लेख केला आहे, म्हणून ते कोणत्या क्रमानं पाहायचे ते सांगतो.

पहिल्यांदा बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, अहवाल पाहा. नुसत्या स्कॅनवर दिसलेली गाठ कर्करोगाचीच होती हे त्याशिवाय पक्कं होत नाही. अहवाल असेल तर गाठीचा प्रकार आणि टप्पा लिहून घ्या. मग आधी झालेल्या सगळ्या उपचारांची तारीखवार यादी करा. इथे सर्वांत जास्त चुका होतात. किरणोपचार आणि प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या औषधांचा परिणाम काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी दिसतो. उपचार संपले, गुण दिसेना, म्हणून उपासना सुरू केली आणि त्यानंतर गाठ आटली, तर श्रेय कुणाचं हे तारखांवरून सांगता येत नाही. पुढे, आधीची आणि नंतरची तपासणी एकाच तंत्रानं झाली आहे का ते पाहा. त्यानंतर किती वर्षं आजार उलटलेला नाही, तेही नोंदवा.

‘आशा सोडली’ म्हणजे डॉक्टर नेमकं काय म्हणाले, हे त्यांनाच विचारा. ‘सरासरी सहा महिने’ म्हणताना त्यांना बहुधा मध्यक अभिप्रेत असतो : निम्मे रुग्ण त्याआधी जातात, निम्मे त्यापुढे जगतात, काही पुष्कळ वर्षं. शिवाय मूत्रपिंडाचा कर्करोग, मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग आणि लहान मुलांमधला न्यूरोब्लास्टोमा हा मज्जापेशींचा कर्करोग यांत आपोआप माघार घेतल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. ती विरळा आहेत, पण आहेत.

या बाबतीत फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्राची पद्धत शिकण्यासारखी आहे. १८५८पासून तिथे बरं होण्याचे दावे येतात. १८८३पासून ते तपासण्यासाठी वैद्यकीय कार्यालय आहे. हजारो दाव्यांपैकी २०१८पर्यंत फक्त ७० चमत्कार म्हणून मान्य झाले. निकष अठराव्या शतकात लाम्बर्तिनी या कार्डिनलनी घालून दिलेले, तेच पुढे पोप झाले. आजार गंभीर हवा, उपचारानं बरा झालेला नसावा, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकाऊ हवं. आमच्या मते तिथली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे कामाची वाटणी. डॉक्टर फक्त ‘आजच्या वैद्यकज्ञानानं याचा खुलासा होत नाही’ इथवर जातात. ‘चमत्कार’ हा निर्णय बिशपचा, म्हणजे धर्माचा. ‘खुलासा होत नाही’ हे निरीक्षण आणि ‘देवानं केलं’ हा अर्थ यांच्यामध्ये एक पायरी आहे आणि ती पायरी श्रद्धेनंच चढावी लागते.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. उपासना कितीही करावी, पण तिच्यासाठी चालू उपचार थांबवू नयेत. काही नवं घेत असाल, उपवास करत असाल, तर डॉक्टरांच्या कानावर घालावं.

प्रश्न : एखादा चमत्कार शेकडो लोकांनी पाहिला असेल तर ते सगळे खोटं बोलतात का?

खोटं बोलणं आणि बरोबर असणं यांच्यामध्ये बरीच जागा आहे. माणूस मनापासून सांगतो आणि तरीही चुकतो.

तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७४८ साली मांडलेला मुद्दा असा : चमत्काराची साक्ष तेव्हाच स्वीकारावी, जेव्हा ती साक्ष चुकीची असणं हे त्या चमत्काराहूनही अशक्य असेल. याला आकड्यांत बसवून बघू. समजा, एक घटना इतकी दुर्मीळ आहे की, दहा लाख प्रसंगांत एकदाच खरी घडते. साक्षीदार चांगला आहे, शंभरांत ९९ वेळा बरोबर सांगतो. दहा लाख प्रसंगांत खरी घटना एक. तिला तो बहुतेक ‘घडली’ म्हणेल. उरलेल्या ९,९९,९९९ प्रसंगांपैकी सुमारे दहा हजारांत तो चुकून ‘घडली’ म्हणेल. म्हणजे एवढ्या भरवशाच्या माणसानं ‘घडली’ म्हटल्यावरही ते खरं असण्याची शक्यता दहा हजारांत एक.

पण हिशेब इथे थांबवणं अन्यायाचं होईल. त्याच्याशी काहीही संबंध नसलेला, तितकाच भरवशाचा दुसरा साक्षीदार तेच सांगतो. आता चुकीचे दहा हजार प्रसंग शंभरावर येतात. तिसरा आला की एकावर, म्हणजे निम्मी-निम्मी शक्यता. चौथा आला की खरं असण्याची शक्यता ९९ टक्के! गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांनी १८३७ साली ह्यूमना उत्तर देताना हाच मार्ग धरला होता. साक्षीनं चमत्कार कधीच सिद्ध होणार नाही, हे टोकाचं विधान गणितात टिकत नाही.

सगळी मदार ‘काहीही संबंध नसलेला’ या अटीवर आहे. चौघांनी आपसांत बोलून मग सांगितलं, किंवा चौघं एकच अपेक्षा घेऊन एकाच ठिकाणी उभे होते, तर ती चार साक्षी नाहीत, जेमतेम एक-दीड आहे. पोर्तुगालमधल्या फातिमा इथे १३ ऑक्टोबर १९१७ रोजी हजारो लोकांनी सूर्य नाचताना, रंग बदलताना पाहिल्याचं सांगितलं. तिथे काही घडणार हे आधी जाहीर झालेलं होतं आणि लोक त्यासाठीच जमले होते. सूर्याकडे टक लावून पाहिलं की डोळ्यांपुढे रंग आणि हलणारे ठिपके येतातच. सूर्य आकाशात खरोखर हलला असता, तर त्या वेळी जिथे जिथे दिवस होता तिथे सगळीकडे तो दिसायला हवा होता. म्हणून ‘लोकांना काही विलक्षण दिसलं’ हे पक्कं आहे आणि ‘सूर्य हलला’ याला त्या गर्दीचा आधार पुरत नाही.

साक्ष तपासताना गर्दीचा आकडा विचारू नका. ती घटनेनंतर किती काळानं नोंदली गेली, सांगणाऱ्यानं आधी दुसऱ्याचं ऐकलं होतं का आणि न मानणारं कुणी तिथे होतं का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘होतं, आणि त्यालाही दिसलं’ असेल तर ती साक्ष वजनदार.

प्रश्न : पवित्र मानलेल्या वस्तूचं वय कार्बन चाचणीनं ठरवलं की तिच्यावरची श्रद्धा खोटी ठरते का?

चाचणी एवढंच सांगते की, ज्या वनस्पतीपासून किंवा प्राण्यापासून ती वस्तू बनली ते कधी मेलं. जिवंतपणी शरीरात येत राहणारा कार्बन-१४ मृत्यूनंतर घटत जातो आणि ५,७३० वर्षांत निम्मा होतो. इटलीतल्या ट्युरिन शहरात एक कापड ख्रिस्ताचं कफन म्हणून जपलेलं आहे. त्याचे तुकडे १९८८ साली ऑक्सफर्ड, झुरिक आणि अॅरिझोना इथल्या तीन प्रयोगशाळांनी तपासले. सोबत वय ठाऊक असलेल्या दुसऱ्या कापडांचे तुकडेही दिले होते. निष्कर्ष : ९५ टक्के खात्रीनं इ.स. १२६० ते १३९०. त्या कापडाचा पहिला पक्का ऐतिहासिक उल्लेखही चौदाव्या शतकातलाच आहे. नमुना नेमका दुरुस्तीच्या जागेचा होता, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप घ्यायला हरकत नाही, पण त्याचं उत्तर दुसऱ्या जागेचा नमुना काढूनच मिळेल. कापड मध्ययुगीन असेल तर ते ख्रिस्ताचं कफन नाही, एवढाच दावा पडतो. त्यापुढे बसून ध्यान करणाऱ्याचं ध्यान पडत नाही. खुद्द कॅथलिक चर्चनंही त्या कापडाचा खरेपणा श्रद्धेची अट केलेला नाही.

प्रश्न : आपल्या परंपरेत शब्द हे स्वतंत्र प्रमाण आहे. मग श्रुतीला, म्हणजे वेदवचनाला, वेगळा पुरावा मागणं हे परकं खूळ नाही का?

हा प्रश्न आम्हांला सर्वांत आवडला, कारण याचं उत्तर परंपरेनंच तपशिलात देऊन ठेवलं आहे.

प्रमाण म्हणजे खरं ज्ञान मिळवण्याचं साधन. चार्वाकांनी फक्त प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी कळणारं, मानलं. न्यायदर्शनानं प्रत्यक्ष, अनुमान (तर्क), उपमान (साम्यावरून ओळखणं) आणि शब्द अशी चार प्रमाणं मानली. पण शब्द म्हणजे कुणाचाही शब्द नव्हे. न्यायसूत्रं रचणाऱ्या गौतमांचं सूत्र ‘आप्ताचा उपदेश तो शब्द’ असं सांगतं. वात्स्यायन त्या सूत्रांवरच्या भाष्यात आप्त कोण ते स्पष्ट करतात : ज्याला त्या गोष्टीचं साक्षात ज्ञान आहे आणि जे जसं पाहिलं तसं सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. लगेच पुढे म्हणतात की, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू आहे. म्हणजे शब्दाचं वजन बोलणाऱ्याच्या जाणकारीवर आणि प्रामाणिकपणावर; जन्मावर नाही.

न्यायसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात याहून टोकदार चर्चा आहे. आक्षेपक म्हणतो : पुत्रासाठी इष्टी (यज्ञ) करावी असं वेद सांगतो, इष्टी केली तरी पुत्र होत नाही, म्हणजे वेदवचन खोटं. उत्तर येतं, ‘न, कर्मकर्तृसाधनवैगुण्यात्’. वचन खोटं नाही. कर्मात, कर्त्यात किंवा साधनात काही उणं राहिलं.

हे उत्तर पळवाट आहे की नाही? आमच्या मते, ते कसं वापरता त्यावर ठरतं. औषध लागू पडलं नाही तेव्हा मात्रा चुकली होती का, हे आपणही विचारतोच. पण ती चूक फळ दिसण्याआधी ओळखता आली पाहिजे. विधी झाल्यावर, निकाल कळण्यापूर्वी, जाणकारानं लिहून द्यावं : हा यथासांग झाला, हा सदोष झाला. मग दोन्हींची फळं ताडून पाहावीत. फळ मिळालं नाही म्हणूनच दोष होता असं ठरवायचं असेल, तर ते वचन कशानंही खोटं ठरणार नाही आणि म्हणूनच कशानंही खरंही ठरणार नाही.

नवस, ताईत, अंगठी, अनुष्ठान, सगळ्याला हीच चौकट लावता येते. कागदावर चार घरं आखा : केलं आणि फळ मिळालं, केलं आणि मिळालं नाही, केलं नाही तरी मिळालं, केलं नाही आणि मिळालंही नाही. समजा, शंभर जणांनी केलं, साठांना फळ मिळालं. हे साठ जण भेटतात, बोलतात, आपल्या लक्षात राहतात. पण न करणाऱ्या शंभरांतही साठांना मिळालं असेल तर परिणाम शून्य. बहुतेक लोक पहिलंच घर भरतात. उरलेली तीन रिकामीच राहतात.

आणि शंकराचार्य! गीतेच्या अठराव्या अध्यायावरच्या भाष्यात ते म्हणतात की, अग्नी थंड आहे किंवा प्रकाशहीन आहे असं शंभर श्रुतींनी सांगितलं तरी ते प्रमाण होणार नाही. श्रुतीचा अधिकार प्रत्यक्ष आणि अनुमान जिथे पोचत नाहीत तिथला. हे सांगणारा माणूस श्रुतीला परम प्रमाण मानणारा होता, म्हणून त्या वाक्याला किंमत आहे.

प्रश्न : देव दिसत नाही, त्याचा पुरावा नाही, म्हणून तो नाही. इतकं साधं नाही का?

नाही. इथेही आपल्या परंपरेतलं, वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचं, काम उपयोगी पडतं. कुमारिल भट्टांच्या परंपरेत ‘न दिसणं’ हेही प्रमाण आहे, अनुपलब्धी. पण अट अशी की, ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात, समोरच्या टेबलावर हत्ती दिसत नाही, म्हणजे तो तिथे नाही. अंधारात सुई दिसत नाही, यावरून काहीच ठरत नाही. तेव्हा आधी विचारा : कुठला देव? प्रत्येक सच्च्या हाकेला दिसेल असा हमखास प्रतिसाद देणारा, अशी कल्पना असेल तर प्रतिसाद न मिळणं हा तिच्याविरुद्धचा पुरावा आहे. निर्गुण, जगात कुठलीही वेगळी खूण न ठेवणारा, अशी कल्पना असेल तर न दिसण्यानं काही सिद्ध होत नाही. पण मग एखाद्या सुखद योगायोगाकडे बोट दाखवून ‘ही त्याचीच खूण’ असंही म्हणता येत नाही.

प्रश्न : महास्फोट, अणू, सगळं आमच्या ग्रंथात आधीच सांगितलेलं आहे. हा पुरावा का मानत नाहीत?

जवळजवळ प्रत्येक धर्माचे अनुयायी आपापल्या ग्रंथाबद्दल हेच म्हणतात, म्हणून कसोटी सगळ्यांना एकच हवी. शोध लागण्यापूर्वीच्या टीका आणि भाष्यं काढा. त्यांतल्या एकानं तरी त्या ओळीचा तो अर्थ केला होता का? शोधानंतरच अर्थ सापडत असेल, तर ज्ञान शोधातून ओळीत गेलं आहे, ओळीतून शोधात आलेलं नाही. मग ओळ किती नेमकी आहे ते पाहा. आकडा, क्रम, मोजमाप काही आहे का? आणि त्याच ग्रंथातली निसर्गाबद्दलची जी विधानं आज चुकीची ठरली तीही मोजा. जमेची बाजू लिहायची आणि खर्चाची सोडायची, असा हिशेब कुणी मानणार नाही.

यात श्रद्धेचाही तोटा आहे. विश्वप्रसरणाचा आणि आद्य अणूचा, म्हणजे महास्फोटाच्या कल्पनेचा पाया असलेला, विचार मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या नव्या विश्वशास्त्रात निर्मितीच्या कल्पनेला दुजोरा दिसतो अशा अर्थाचं भाषण केलं, तेव्हा लमेत्र यांना ते रुचलं नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, असं ते मानत. त्यांची काळजी रास्त होती. वैज्ञानिक सिद्धांत उद्या बदलू शकतो. त्यावर श्रद्धा उभी केली की, तो बदलताना श्रद्धेलाही हादरा बसतो.

प्रश्न : मग विज्ञान हीही एक श्रद्धाच नाही का? मी स्वतः कुठे इलेक्ट्रॉन पाहिला आहे?

तुम्ही वैज्ञानिकांच्या शब्दावर विसंबता हे खरं, आणि ते आप्तवाक्यच आहे. फरक असा की, तो शब्द खोटा ठरवण्याची कृती जाहीर असते, ती कुणालाही करता येते आणि प्रतिस्पर्ध्यानं ती यशस्वी केली तर त्याचा गौरव होतो. जिथे वैज्ञानिक संस्था आपली आकडेवारी लपवतात, तिथे हा फरक पुसट होतो. तिथे शंका घेणं योग्यच.

प्रश्न : कॉलेजला जाणारी मुलगी प्रत्येक गोष्टीला पुरावा मागते. तिच्या आजोबांना ते उद्धटपणा वाटतं. रोज खटके उडतात. काय करावं?

दोघं बहुधा वेगवेगळ्या वाक्यांबद्दल भांडत आहेत. आजोबा ‘माझा भरवसा आहे’ म्हणतात, मुलगी ‘अमुक केल्यानं तमुक होतं’ हे खोडते. पुढच्या वेळी वाद पेटला की, तुम्ही मध्ये एकच विचारा : नेमकं कुठलं वाक्य? दोघांनी ते मोठ्यानं म्हणावं. बरेचसे वाद तिथेच अर्ध्यावर येतात.

दाव्याचं वाक्य निघालं, तर दोघांनाही खात्री शंभरांत किती ते विचारा. आजोबा ऐंशी म्हणाले आणि ती वीस म्हणाली, तर पुढचा प्रश्न : काय घडलं तर तुमचा आकडा हलेल? उत्तर लिहून ठेवा. ‘काहीही झालं तरी हलणार नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्या दाव्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आणि हे मुलीच्या बाबतीतही होऊ शकतं, हे तिला सांगा.

भूमिकेचं वाक्य निघालं, तर तिनं पुरावा मागू नये. ‘आजोबा, याचा तुम्हांला कधी आधार वाटला?’ असं विचारावं. आजोबांनीही तिच्या शंकेला पाप म्हणू नये. पैसे, उपचार किंवा कुणाचं लग्न यांचा निर्णय एखाद्या दाव्यावर होणार असेल, तेव्हा मात्र वयाचा मान राखून, पण मागे न हटता, तिनं पुरावा मागावा आणि तुम्ही तिच्या बाजूनं उभं राहावं.